उन्हाची लाली आणि कॉक्स-२
"सुजेचा आणि त्वचेच्या कर्करोगाचा काय संबंध?" असं कुणीतरी विचारलंय. उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण पडले की कातडीत कॉक्स-२ हे एन्झाइम वाढतं आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे सूज आणणारं रसायन बनवतं. कातडी लाल होते, हुळहुळते ती त्यामुळेही. गोम अशी, की हेच रसायन बिघडलेल्या पेशींना मरू न देता वाढवत नेतं.

आमचे काका वर्षानुवर्षं बोडक्याने पर्वती चढले. टकलावर पॉलिशपेपरसारखा खरखरीत चट्टा आला, ॲक्टिनिक केराटोसिस, म्हणजे उन्हाने होणारा, पुढे कधी कर्करोगाकडे वळू शकणारा चट्टा. (आपल्या सावळ्या कातडीत तसा कमीच.) अशा चट्ट्यांवर ३ टक्के डायक्लोफेनॅकचं जेल वापरतात. हो, गुडघ्याला चोळतो तेच औषध! ते कॉक्सलाच अडवतं.

पण म्हणून काही कॉक्स-२ रोखणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका. रोफेकॉक्सिब ही अशीच एक गोळी २००४ साली हृदयविकाराच्या धोक्यामुळेच बाजारातून मागे घेतली.