मदत हवी आहे : ऑनलाइन शिंप्याकडून मापाचा कोट शिवून घेताना फसवणूक कशी टाळावी?

एका ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याकडून मला अस्तर लावलेला कोट स्वतःच्या मापाने शिवून घ्यायचा आहे. हाती आठ आठवडे आहेत आणि प्रत्यक्ष भेट शक्य नाही. विक्रेत्याने दाखवलेली छायाचित्रे प्रतिमा-शोधात टाकली असता त्यांतील दोन छायाचित्रे अन्य दुकानांच्या पानांवरही आढळली. विचारणा केल्यावर "नमुन्यादाखल लावली आहेत" असे उत्तर मिळाले, जे खोटेच असेल असे नाही, पण समाधानकारकही नाही. शिवाय कापड घ्यायचे असल्याचे सांगून तो संपूर्ण रक्कम आगाऊ आणि थेट बँक खात्यात मागत आहे. व्यवहार संकेतस्थळाबाहेर गेला की ग्राहक-संरक्षण सहसा लागू होत नाही, म्हणून मी नकार दिला आहे.

विक्रेत्याने स्वतः शिवलेल्या कोटाच्या आतील शिवणीचे आणि काजांचे, आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह छायाचित्र मी मागितले आहे. त्याला चार दिवस उत्तर नाही. छाती, खांदा, बाही व पाठीची उंची ही मापे दुसऱ्या व्यक्तीकडून दोनदा घेतली आहेत, मात्र अद्याप पाठवलेली नाहीत.

मापाने शिवलेला कपडा केवळ पसंत पडला नाही म्हणून बहुधा परत घेत नाहीत, हे मला मान्य आहे. मात्र तो दिलेल्या मापाबरहुकूम नसेल, तर परताव्याचा दावा टिकावा यासाठी मागणी नोंदवतानाच मापांतील किती फरक चालेल, कापडाचा प्रकार आणि मांजरपाटाच्या (साध्या सुती कापडाच्या) कच्च्या नमुन्याची, म्हणजे मूळ कापड कापण्याआधी माप तपासण्यासाठी शिवलेल्या कोटाची, अट नेमक्या कोणत्या शब्दांत लिहून घ्यावी?