मदत हवी आहे: सलूनमध्ये वॉक-इन कस्टमर कोणी घ्यायचा यावरून रोज कुरबुरी

सलून मी सांभाळते, चार स्टायलिस्ट आहेत, सगळ्यांना पगार आणि वर केलेल्या कामावर कमिशन. अपॉइंटमेंटवाले ठरलेल्या माणसाकडेच जातात, तिथे वाद नाही, भांडण होतं ते वॉक-इनवरून, म्हणजे अपॉइंटमेंट न घेता येणाऱ्यांवरून. आधी रिसेप्शनवरची मुलगी ठरवायची तर तिच्यावर पक्षपाताचा आरोप. मग पाळी लावली, पण एकाची पाळी नुसत्या फ्रिंज ट्रिममध्ये (कपाळावरचे केस कापण्यात) गेली आणि पुढच्याला अख्खा कलर मिळाला की परत तोंडं वाकडी. त्यात कलर लावून झाला की अर्धा-पाऊण तास तो स्टायलिस्ट मोकळाच, तेवढ्यात त्याने एखादा कट घेतला तर बाकीचे चिडतात, नाही घेतला तर थांबलेला कस्टमर निघून जातो.

कमिशन एकत्र करून सारखं वाटायचं नाहीये, सीनियर सोडून जातील (आणि त्यांचं चूकही नसेल). ज्युनियरला केमिकलची कामं (कलर वगैरे) अजून एकट्याने देत नाही, त्यामुळे सरळ पाळी तशीही लंगडीच पडते. सॉफ्टवेअर नको, वहीत लिहून चालेल असं काहीतरी हवंय.

ज्यांनी टीम चालवलीय त्यांनी सांगा, छोटं काम मिळालं तर पाळी गेली असं धरता का, आणि कलर लावून मोकळा असलेल्याला मधला कट देता की पुढच्या पाळीवाल्यालाच?