आजोबांचं शिसवी टेबल: पॉलिश करून विकावं की आहे तसंच?

गिरगावचा_नातू
आमची चाळ पुनर्विकासाला गेली. नव्या जागेत आजोबांचं लिहायचं टेबल मावत नाही, म्हणून विकायला काढलंय. सात खण, एकाची पितळी मूठ गायब, एक पाय डुगडुगतो. माथ्यावर शाईचा मोठा डाग आणि चहाच्या कपांची पांढरी वर्तुळं. चोरबाजारातला एक दुकानदार घरी येऊन गेला. माथ्याकडे त्याने बघितलंही नाही. सरळ एक खण ओढून उलटा केला, बूड बघितलं, सांध्यांवर बॅटरी मारली. आकडा बरा सांगितला आणि जाताना म्हणाला, "पॉलिश मत करवाना."

धाकट्या भावाला हे मान्य नाही. त्याचं म्हणणं, चकचकीत केलं तर दुप्पट येतील. रविवारी पॉलिशवाला ठरवूनही ठेवलाय त्याने. मला दुकानदाराचं पटतं. जुन्या वस्तूला हात लावला की किंमत गेलीच.

पार्लेकर_मधुरा
नातूसाहेब, तो तसं का म्हणाला ते ओळखा की! तुमच्याकडून मळकं उचलायचं, स्वतः घासून घ्यायचं आणि वरचा नफा खिशात. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात एक चक्कर मारा. पुढे दुकान, मागे पॉलिशपेपर मारणारी पोरं. तो धंदा उगाच चालतो का?

मी गिऱ्हाईक म्हणून बोलतेय. आमच्या वन बीएचकेमध्ये डुगडुगणारं, वाळवीचा संशय असलेलं लाकूड मी का आणू? वेताची बैठक नव्याने विणलेली आरामखुर्ची घेतली, रोज बसते. जुना फाटका वेत असता तर नुसती बघत बसले असते.

रुपयावाला
शाळेत असताना १८६२ चा व्हिक्टोरियाचा रुपया मिळाला होता. टूथपावडरने घासघासून आरशासारखा केला. पुढे एका जाणकाराला दाखवला, त्याने भिंगाखाली धरला, बारीक ओरखडे बघितले आणि चांदीचा भाव सांगितला. तेवढाच. हात लावू नका!

पार्लेकर_मधुरा
नाण्यावर कुणी बसत नाही हो काका.

तबकडी
घड्याळांच्या जगात तर आपल्या शहराच्या नावाची शिवीच आहे: 'मुंबई स्पेशल'. जुन्या एचएमटीची, फेवर लुबाची तबकडी खरवडायची, भडक रंगात नवी छापायची, काटे दुसऱ्याच घड्याळाचे. नवखा हौसेने घेतो, मुरलेला संग्राहक फोटो बघूनच पुढे सरकतो. पण मशीन उघडून तेल-पाणी केलेलं असेल तर तोच माणूस जास्त पैसे मोजतो, हेही खरं.

पार्लेकर_मधुरा
मग भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय? डागडुजी झाली, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तेही मोडकळीला आलेलं तसंच ठेवायचं होतं का?

रुपयावाला
ते कुणाला विकायचं नव्हतं, मधुराताई.

लाखदाणा
वडील पॉलिशचं काम करायचे, मीही दहा वर्षं केलं, म्हणून बोलतो. इथे सगळे 'पॉलिश' म्हणतात आणि दोन वेगळ्या गोष्टी बोलतात.

जुनं पॉलिश म्हणजे चपडा लाख. रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायची, कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी करायची, तेलाचा एक थेंब घ्यायचा आणि हात न थांबवता गोल गोल फिरवत राहायचं. हात थांबला की फडकं चिकटलंच. हे पॉलिश उद्या नको झालं तर स्पिरिटने उतरतं. लाकडाला धक्का नाही. दुसरं हल्लीचं मेलामाइन पॉलिश, त्याचं तसं नाही. ते प्लास्टिकसारखं बसतं आणि काढायचं तर घासावंच लागतं. शिवाय ते मारायच्या आधी पोरं माथा घासून 'कोरा' करतात. ऐंशी वर्षांत हाताच्या घर्षणाने आलेला काळपट तांबूस रंग एका दुपारी भुशात जातो. गिऱ्हाईकाला मग ते परवाच बनवल्यासारखं दिसतं. मधुराताई, ओशिवऱ्यात विकलं जातं ते बरंचसं हेच. घेणारा फर्निचर म्हणून घेतो, फर्निचरचेच पैसे देतो.

नातूसाहेब, पांढरी वर्तुळं म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेली ओल, लाकडात काही नाही. स्पिरिटचा अगदी पुसट हात फिरवला की बहुतेक जातात, पण जाणत्याकडून करून घ्या. शाई मात्र लाकडात उतरलीय, तिच्या मागे लागू नका. पाय सरसाने बसवा, खिळा ठोकू देऊ नका. आणि खणांच्या पाठीवर सुताराचे पेन्सिलीचे आकडे असतात, ते शाबूत ठेवा. दुकानदार तेच बघत होता.

पार्लेकर_मधुरा
पाय बसवायला तुम्हीही सांगताच की. मी काय वेगळं म्हणत होते?

लाखदाणा
'चकचकीत' म्हणाला तो भाऊ. भांडण त्या शब्दाशी आहे.

गिरगावचा_नातू
काल रात्री सातही खण काढून उलटे केले. आकडे आहेत! पाचवा खण माझ्या आठवणीत कायम अडायचा, आजोबा त्याला मेणबत्ती घासायचे. त्याच्या पाठीवर चक्क ३ लिहिलंय. तिसऱ्याच्या जागी घातला तर लोण्यासारखा आत गेला. भाऊ शेजारीच उभा होता, काही बोलला नाही. रविवारचा माणूस त्यानेच रद्द केला.

आता तेवढी मूठ कुठे मिळेल?

तबकडी
चोरबाजारातली मटण स्ट्रीट. शुक्रवारी दुकानं बंद असतात, पण भल्या पहाटे रस्त्यावर बाजार भरतो, तेव्हा जा. दुसऱ्या खणाची मूठ काढून सोबत न्या, मापाला. आणि ती ब्रासोने घासून नेऊ नका.