डच भाषेतले लांबलचक शब्द: आघात कुठे द्यायचा?

प्रश्न: ‘आर्बेइत्सऑनखस्खिक्तहेइत्सफरझेकरिंग’ (कामास असमर्थ ठरल्यास मिळणारा विमा) म्हणताना दर वेळी अडखळतो. तोडायचा कसा?

उत्तर १: शेवटाकडून तोडा. आपल्या तत्पुरुषासारखंच, मुख्य पद शेवटी: फरझेकरिंग म्हणजे विमा. त्याचं आर्टिकल (नामाआधी येणारं उपपद) ‘द’, म्हणून अख्ख्या शब्दाचंही ‘द’. आधी आर्बेइत (काम), ऑनखस्खिक्तहेइत (असमर्थता). दोन्हींनंतर जोडणारा ‘स’ येतो. अक्षरं दहा: आर-बेइत्स-ऑन-ख-स्खिक्त-हेइत्स-फर-झे-क-रिंग. मुख्य आघात (उच्चारातला जोर) पहिल्या पदावर, ‘आर’वर. ‘झे’वर दुय्यम. मराठी माणूस सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो, तिथेच गाडी अडते. ‘ख’ आणि ‘क’मधला स्वर अगदी पुसट ठेवा.

उत्तर २: पण पहिल्या पदावर म्हणजे पहिल्या अक्षरावर नव्हे! ‘फरझेकरिंग्समात्सखापेइ’ (विमा कंपनी) मध्ये आघात ‘झे’वरच राहतो. अपवादही आहेत: ‘स्तातहाउस’ (नगरभवन) मध्ये तो ‘हाउस’वर पडतो.

प्रश्नकर्ता: तो ‘स’ कधी घालायचा?

उत्तर १: ‘हेइत’ किंवा ‘इंग’ने संपणाऱ्या पदानंतर बहुधा हमखास. बाकी शब्द जोडणीसकट पाठ करावे लागतात, त्याला इलाज नाही.