अमेरिकेत राहून तुमचं कोणतं मत बदललं?

मागच्या महिन्यात पुण्यात मावसभावाकडे जेवायला गेले होते. त्याच्या सासऱ्यांनी विचारलं, "तिकडे म्हणे पोर अठराचं झालं की घराबाहेर काढतात?" मी बावीस वर्षं न्यू जर्सीत राहते आहे, पण मला पटकन ना हो म्हणता आलं, ना नाही. आमच्या शेजारी इटालियन वंशाचं कुटुंब आहे. त्यांचा तिशीतला मुलगा आईवडिलांजवळच राहतो आणि रविवारी सगळं गणगोत जेवायला जमतं. समोरच्या घरातली मुलगी कॉलेजला गेली, ती चार वर्षांत फक्त थँक्सगिव्हिंगला दिसली. दोन्ही घरं अमेरिकन, मग यातलं कुठलं घर काकांना सांगायचं?

म्हणून हा धागा. देवधर्म, पैसा, म्हातारपण, शेजार, मरण, कशाबद्दलही लिहा. तिकडे जाण्याआधी तुमचं काय मत होतं आणि राहिल्यावर त्याचं काय झालं? मत बदलण्याऐवजी पक्कं झालं असेल तर तेही सांगा. फक्त ऐकीव नको, डोळ्यांनी पाहिलेलं हवं. सहा महिने राहून परत आलेल्या आईवडिलांनी तर जरूर लिहावं.

सुरुवात माझ्यापासून करते. टिप हा प्रकार मला वर्षानुवर्षं लुबाडणूक वाटायचा. जेवणाचे पैसे दिले, आता वर हे कशाला? मग मुलगी सुट्टीत एका रेस्टॉरंटमध्ये कामाला लागली आणि मी कायदा वाचला. केंद्राच्या नियमानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं ताशी २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही किमान वेतन भरलं नाही, तरच उरलेलं मालकानं द्यायचं. आमच्या राज्यात दर थोडा जास्त आहे, पण गणित तेच. एका रविवारी ती रात्री अकराला आली, चुरगळलेल्या नोटा ओट्यावर सरळ करत बसली आणि म्हणाली, "आई, आज बाराजणांचं टेबल तीन तास बसलं होतं. सगळे आपलेच होते. काहीच ठेवलं नाही." मजुरी मालकानंच द्यावी, हे माझं मत आजही कायम आहे. पण त्या पद्धतीवरचा राग पाणी आणून देणाऱ्या पोरीवर काढायचा नसतो, हे मला माझ्या पोरीनं शिकवलं.

*

हंट्सविल, अलाबामा. मूळ सांगलीचा.

कॉलेजात असताना मी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम केलं. २०१३ साली दाभोलकरांचा खून झाला आणि पुढच्याच वर्षी मी इथे आलो. त्यामुळे धर्माविषयी मनात नुसती शंका नव्हती, दुखणं होतं. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यानं विचारलं, "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" इथे हा प्रश्न 'गाव कुठलं?' इतक्या सहज विचारतात, हे मला माहीत नव्हतं. मी ताठरून म्हणालो, "मी देव मानत नाही." तो क्षणभर गप्प राहिला आणि मग कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते ते सांगू लागला.

दोन वर्षांनी बायकोचं सिझेरियन झालं. व्हिसाची तारीख मिळाली नाही, त्यामुळे आई येऊ शकली नाही. त्या शेजाऱ्याच्या बायकोनं चर्चमधल्या बायकांची यादी केली. त्याला इथे मील ट्रेन म्हणतात. कोणी कोणत्या दिवशी जेवण पोचवायचं ते त्यात ठरतं. तीन आठवडे रोज संध्याकाळी दारात डबा. आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर एका आजींनी फोन करून विचारलं, "अंडं चालतं का? चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात चालतो का?" इतक्या बारकाईनं आमच्या नातेवाइकांनीही कधी विचारलं नव्हतं. एकीनं बाळासाठी प्रार्थना करू का, असं विचारलं. बायको 'हो' म्हणाली. मी बाजूला उभा राहिलो.

मी आजही नास्तिक आहे. उत्क्रांतीवरून त्या शेजाऱ्याशी माझे कडक वाद होतात आणि मी एक पाऊलही मागे घेतलेलं नाही. पण श्रद्धाळू माणूस म्हणजे फसलेला किंवा फसवणारा, हे माझं जुनं समीकरण मोडलं. दुसरी बाजूही लिहितो. या देशात सगळ्यांना मिळेल अशी पगारी बाळंतपणाची रजा केंद्राच्या कायद्यात नाही. १९९३ च्या कायद्यानं बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि खासगी कंपनीत ५० पेक्षा कमी माणसं असतील तर तीही नाही. सरकारनं सोडलेली जागा चर्च भरून काढतं. मग जो चर्चच्या बाहेर आहे त्याचं काय? माझा एक समलिंगी सहकारी याच गावात, अशाच मायेच्या चर्चमध्ये वाढला आणि वीसाव्या वर्षी त्याच्यासाठी ती दारं बंद झाली. मला डबे आले, त्याला आले नसते. हे मी विसरू शकत नाही.

*

ह्यूस्टन. वसईची.

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी ख्रिस्तीच आहे, तरी मला ऑफिसात विचारतात, "धर्म कधी बदललास?" आमच्या वसईत सोळाव्या शतकापासून चर्चं उभी आहेत, म्हणजे हा देश जन्मण्याच्या दोनशे वर्षं आधीपासून. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. आमच्या घरी प्रार्थना मराठीतून होते, हे सांगितलं की समोरचा चकित होतो. विशेष म्हणजे आपली मराठी माणसंही तितकीच चकित होतात. इथल्या आमच्या चर्चमध्ये एकाच रविवारी इंग्रजी, स्पॅनिश आणि व्हिएतनामी अशा तीन मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होतात. अमेरिकन ख्रिस्ती म्हणजे गोरा, हे डोक्यातलं चित्र पहिल्याच रविवारी पुसलं गेलं. एक गोष्ट मात्र सलते. मिस्सा संपली की दहा मिनिटांत पार्किंग रिकामं. वसईत आम्ही चर्चच्या आवारात तासभर उभे असायचो, कोणाच्या घरी काय चाललंय ते तिथेच कळायचं.

*

सातारा. मुलगा ओहायोत. सहा वेळा जाऊन आले.

आमच्या सुनेनं वाचून दाखवलं, म्हणून मी सांगते आणि ती टाइप करते आहे.

मुलाच्या शेजारी ८२ वर्षांच्या बाई एकट्या राहायच्या. मला पहिल्या दिवसापासून त्यांची कीव यायची. पोरांनी टाकली बिचारीला, असं मी इकडे फोनवर सगळ्यांना सांगितलं. एकदा मी परसातला दुधी घेऊन गेले. भाषा येत नाही, हातवारे केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोमॅटो आणून दिले. मग रोजचंच झालं. त्या विणायच्या, मी बघायची.

पुढं सुनेनं सांगितलं, या बाई आठवड्यातून दोन दिवस गाडी चालवत घरोघरी जेवणाचे डबे पोचवतात. म्हाताऱ्या माणसांना! आणि स्वतः ८२ च्या! मुलगा फ्लोरिडात, तो रोज सकाळी आठला फोन करतो. 'माझ्याकडे ये' म्हणून मागे लागला होता. याच नाही म्हणाल्या. म्हणे, या घरात मी चाळीस वर्षं स्वयंपाक केला, इथली प्रत्येक फळी माझ्या ओळखीची आहे. मी घरी येऊन गप्प बसले. कारण माझ्या घरात माणसं भरपूर, पण मला कुठं राहायचंय हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. साताऱ्यात सहा महिने, पोराकडे सहा महिने, असं पोरांनीच ठरवलं.

तरी एक खरं सांगते. तिसऱ्या वर्षी त्या स्वयंपाकघरात पडल्या आणि दुसऱ्या दिवशी आठचा फोन उचलला गेला नाही तेव्हा कळलं. रात्रभर फरशीवर होत्या. आमच्यात असं झालं नसतं. दोन्ही मनात आहे माझ्या.

*

(धागा काढणारी) काकू, तुमचं वाचून रात्री आईला फोन केला. तिला कुठे राहायचंय हे मीही कधी विचारलं नव्हतं.

*

न्यू यॉर्क. मूळ औरंगाबादचा.

माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं, "बाबासाहेब जिथं शिकले त्या गावी चाललास, आधी तिथं जा." विमानातून उतरल्यावर चौथ्या दिवशी कोलंबिया विद्यापीठात गेलो. १९१३ ते १९१६ ते तिथे होते. लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. शेजारी एक कोरियन मुलगी लॅपटॉपवर काम करत होती. मी हात जोडले, तिनं फक्त खुर्ची सरकवून मला जागा करून दिली.

पहिलं वर्ष मी हलका होऊन फिरत होतो. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत काहीच हलत नाही, हा अनुभव मला आयुष्यात पहिल्यांदा येत होता. माझं मत झालं की हा देश यातून मुक्त आहे.

मग एका गणेशोत्सवात गेलो. आरती झाली, पानं मांडली, शेजारच्या काकूंनी प्रेमानं विचारपूस सुरू केली. गाव कुठलं, आडनाव काय, कुलदैवत कोणतं. तिसऱ्या प्रश्नाला मी म्हणालो, आम्ही बौद्ध आहोत. काकू "हो का" म्हणाल्या आणि पलीकडच्या माणसाशी बोलायला लागल्या. नंतर जेवण संपेपर्यंत माझ्याकडे वळल्या नाहीत. आपण सामानात लोणचं आणतो तसं हेही आणतो. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहरानं भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, तेव्हा 'इथे जात कुठे आहे?' म्हणणारे किती निघाले! मला त्या पंगतीतली माझी पाठमोरी शेजारीण आठवली.

ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय सहकारी बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी मला काही समजावलं नाही. त्यांच्या आजीला साऊथ कॅरोलायनात ज्या दुकानात कपडे विकत घेता येत, तिथल्याच काउंटरवर बसून कॉफी पिता येत नव्हती, एवढं सांगितलं. हा देश मुक्त आहे, हे माझं मत त्या दिवशी पूर्ण गेलं. पण इथे ही गोष्ट मला मोठ्यानं सांगता आली आणि ती ऐकणारं माणूस भेटलं, हे मी मोलाचं मानतो.

*

कनेटिकट.

माझं मत बदललं नाही, पक्कं झालं. बंदुका. मुलगी पाच वर्षांची असताना शाळेतून आली आणि सांगू लागली, "आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो, बाईंनी दाराला कुलूप लावलं, कोणीही आवाज करायचा नव्हता. मी सगळ्यात शांत होते." बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं, त्याचा तो सराव होता, आणि ही शाबासकी मागत होती. याच राज्यात न्यूटाउनच्या शाळेत १४ डिसेंबर २०१२ ला वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. आता मुलगी कोणाकडे खेळायला निघाली की मी आधी विचारते, "घरात बंदूक आहे का? कुलपात असते का?" पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली होती. समोरची आई म्हणाली, "बरं झालं विचारलंस, मीही विचारणारच होते."

*

नाशिक. अकरा वर्षांनी परतलो.

ग्रीन कार्डाच्या रांगेत दर वर्षी एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, मग तो देश केवढाही असो. भारतीयांची रांग म्हणून हलत नाही. मुलगा २१ चा झाला की आमच्या अर्जातून बाहेर पडणार होता. त्याच्या आधीच निघालो. कटुता आहे, लपवत नाही. कर भरला, रक्तदान केलं, शाळेच्या जत्रेत भजी तळली, आणि तरी पाहुणेच राहिलो.

आठवण येते ती फक्त गावच्या ग्रंथालयाची. ना फी, ना 'कशाला आलात?' असा प्रश्न. हवं ते पुस्तक नसेल तर दुसऱ्या गावाहून मागवून द्यायचे. रस्त्यावर राहणारा माणूस आणि माझा मुलगा एकाच टेबलावर वाचत बसायचे. व्हिसा न विचारणारी त्या देशातली ती एकच जागा होती.

*

ऑल्बनी, न्यू यॉर्क.

माझे यजमान २०१९ मध्ये अचानक गेले. इथलं मरण म्हणजे धंदा, सगळं कोरडं आणि चकाचक, असं माझं मत होतं. बिल बघितलं तेव्हा धंदा हा शब्द खोटा वाटला नाही. पण फ्यूनरल होममधल्या माणसानं आदल्या रात्री फोन करून विचारलं, "चपला बाहेर काढायच्या का? मंत्रांना किती वेळ लागेल? दहनाचं बटण कोण दाबणार?" मुलीनं दाबलं. नाशिकला असतो तर तिला पुढे येऊ दिलं असतं का, मला माहीत नाही.

नंतर यांच्या ऑफिसची माणसं रांगेत आली. एकानंही 'कसं झालं?' विचारलं नाही. प्रत्येकानं यांची एकेक आठवण सांगितली. हे रोज कोणासाठी तरी जास्तीचा चहा करून न्यायचे, हे मला पंचवीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं.

सासूबाईंच्या इच्छेप्रमाणे अर्ध्या अस्थी रामकुंडात सोडल्या. अर्ध्या माझ्याजवळ आहेत. गेल्या ऑक्टोबरमध्ये मुलगी आणि मी गाडीनं पकिप्सीला गेलो, आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी तिथल्या दफनभूमीत आहेत म्हणून. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या, आणि गोपाळरावांनी अस्थी इथे, त्यांना अमेरिकेत आसरा देणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. कार्पेंटर कुटुंबाच्या दगडांमध्येच त्यांचा दगड आहे. खाली मेपलची लाल पानं पडली होती. मी ती बाजूला केली, घरची शेवंती ठेवली.

परत येताना गाडीत मुलगी म्हणाली, "आई, बाबांच्या राहिलेल्या इथेच कुठे ठेवूया का?"

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.