पासिंग झालेल्या जुन्या जिप्सीच्या तपासणीवर कितपत विसंबावे?

जिप्सीवाली (मुंबई)

नमस्कार. माझ्या वडिलांची मारुती जिप्सी जून २००८ मध्ये नोंदवलेली आहे आणि ते गेल्यानंतर ती माझ्या नावावर झाली. १५ वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे २०२३ मध्ये, मी तिचे पासिंग (परिवहन कार्यालयाची तपासणी) करून घेतले, ५,००० रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर भरला आणि नोंदणी जून २०२८ पर्यंत वाढवून मिळाली. त्या दिवशी निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न आणि वायपर पाहिले, चेसिस क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप कागदपत्रांशी ताडून पाहिली, आवारातच गाडी थोडी पुढे नेऊन ब्रेक मारायला लावला आणि काम झाले. गाडीखाली कोणीही वाकून पाहिले नाही. मला त्या वेळी त्यात वावगे वाटले नाही, उलट सगळे लवकर आटोपले याचे बरेच वाटले.

गेल्या आठवड्यात मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) फार कुरकुरतात म्हणून गाडी कुर्ल्याला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती रॅम्पवर घेतली आणि चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, लांब पट्टीवर पुढून मागे हातोडीने हलके ठोकत गेले. पुढच्या भागात टणटण आवाज येत होता. मागच्या डाव्या शॅकलपाशी (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीपाशी) पोचल्यावर तो एकदम बद्द झाला. तिथे त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला, तर वरचा काळा पापुद्रा फाटून पाते सरळ आत गेले आणि बाहेर पडले ते गंजाचे पोपडे आणि सुकलेली लाल माती. ती माती कुठली हे मला ठाऊक आहे. बाबा दर पावसाळ्यात ही गाडी घेऊन घोटीवरून भंडारदऱ्याला आणि पुढे रतनवाडीला जात असत.

हेही सांगितले पाहिजे की पासिंगच्या आधी गाडी नीटनेटकी दिसावी म्हणून मीच खालून काळे कोटिंग मारून घेतले होते. माझे प्रश्न असे आहेत. २०२३ चे ते प्रमाणपत्र नेमके कशाची ग्वाही देत होते? चेसिसला पट्टी मारून वेल्डिंग केले तर गाडी पुन्हा भरवशाची होते का? आणि जुलैमध्ये आई आणि दोन्ही मुलांना घेऊन याच गाडीने कसारा घाट चढण्याचा आमचा बेत आहे, तो ठेवावा की सोडावा?

निवृत्त निरीक्षक

नमस्कार ताई. मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून अनेक वर्षे काम केले आहे, मुंबईत नव्हे तर दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळे तुमच्या गाडीच्या तपासणीवर मी बोलणार नाही. ही तपासणी मुळात कशासाठी असते आणि तिच्यावर किती भार टाकता येतो, एवढे मात्र खात्रीने सांगू शकतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि नंतर ५-५ वर्षांसाठी वाढवता येते. व्यावसायिक वाहनाचे नियम वेगळे आहेत. त्याला कलम ५६ खाली योग्यता प्रमाणपत्र लागते, ते पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. म्हणजे तुमच्या शेजारी सिग्नलला उभी असलेली नऊ वर्षांची टॅक्सी दर वर्षी निरीक्षकासमोर उभी राहते आणि तुमची जिप्सी मात्र पंधरा वर्षांत एकदाही उभी राहिली नाही. एकदा उभी राहिली, त्यानंतर आता थेट २०२८ मध्ये. मधले पाच पावसाळे कोणीही मोजत नाही. माझ्या मते भरवशाचा खरा प्रश्न इथे आहे. २०२३ मध्ये निरीक्षकाने खड्ड्यात उतरून टॉर्च लावून इंच-इंच तपासले असते, तरी त्या दिवशी शाबूत असलेले लोखंड मुंबईच्या खाऱ्या हवेत आज शाबूत असेल असे तो सांगू शकला नसता. तपासणी त्या दिवसाची असते, प्रमाणपत्र मात्र पाच वर्षांचे मिळते.

म्हणून तुमच्या तपासणीत काही चूक झाली नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. शिडीसारख्या चेसिसची आणि चारही चाके ओढणारी गाडी समोर आली की निरीक्षकाने खाली वाकलेच पाहिजे. अशा गाडीचे आयुष्य कुठे गेले असेल याचा अंदाज तिच्या जातीवरूनच येतो. चेसिसच्या पट्ट्या आतून पोकळ असतात, त्यांना ठिकठिकाणी भोके असतात, त्यातून चिखल आत शिरतो आणि ओल धरून बसतो. गंज आतून बाहेर येतो आणि बाहेरून दिसू लागतो तेव्हा पत्रा कागदासारखा झालेला असतो. त्यावर ताजे काळे कोटिंग असेल तर नुसत्या डोळ्यांनी काहीही कळत नाही. पासिंगच्या तोंडावर मारलेले कोटिंग पाहिले की आम्ही हातोडी हातात घ्यायचो, कारण त्याखाली काय आहे हे मालकालाही बहुधा माहीत नसते. तुम्हालाही नव्हते, त्याचा सल मनात ठेवू नका.

घाटवाट

मी जिप्सी पंधरा वर्षे चालवतो आहे आणि तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेसिसचे काम झाल्याशिवाय ही गाडी कसाऱ्यालाच काय, घोडबंदरलासुद्धा नेऊ नका. शॅकल जिथे धरलेले आहे तो पत्रा सुटला तर मागचा ॲक्सल एका बाजूने सरकतो आणि गाडी आपोआप वळते. भरल्या गाडीत, उतारावर, ओल्या रस्त्यावर हे झाले तर स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो.

चेसिसचे काम झाले तरी लगेच निघू नका, कारण पासिंगच्या आवारात कळत नाहीत अशा आणखी दोन गोष्टी जुन्या जिप्सीत हमखास असतात.

पहिली ब्रेक ऑइलची. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल साधारण २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण ओल शोषलेले तेच ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. आवारात वीस-तीसच्या वेगाने जाऊन मारलेला ब्रेक त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही, म्हणून तिथे तो उत्तमच लागतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून डिस्क तापली की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला टेकते. माझ्या बाबतीत हे माळशेज उतरताना झाले. सुदैवाने मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो आणि डावीकडे मातीचा रुंद उंचवटा होता, त्याला गाडी घासत थांबवली. त्या गाडीचे पासिंग चारच महिन्यांपूर्वी झाले होते. तेव्हापासून दर दोन वर्षांनी, आणि पाण्यातून गाडी काढावी लागली तर त्या पावसाळ्यानंतर लगेच, मी सगळे ऑइल बदलून घेतो. त्याच वेळी मागचे ड्रम उघडून पाहा. ॲक्सलचे ऑइल सील गळत असेल तर एका बाजूचे लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणारे अस्तर) तेलात भिजते आणि जोरात ब्रेक लावला की गाडी एका अंगाला ओढते.

दुसरी किंगपिन बेअरिंगची, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळते त्यांच्या बेअरिंगची. पुढची बाजू जॅकवर उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून हलवा. खटखट जाणवली तर आधी व्हील बेअरिंग पाहा, ते घट्ट असेल तर दोष किंगपिनचा समजा. हे बेअरिंग झिजले की साठ-सत्तरच्या वेगात एखादा खड्डा बसल्यावर पुढची दोन्ही चाके थरथरू लागतात आणि गाडी थांबेपर्यंत ते थांबत नाही. पुष्कळ जण त्यावर नुसता नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून देतात. त्याने थरथर काही महिने दबते, झीज तशीच राहते.

वेल्डिंगविषयी माझ्यापेक्षा जाणकार इथे आहेत.

कॅल्क्युलेटर

माझे मत थोडे निराळे आहे. माणसाने केलेली तपासणी माणसागणिक बदलणारच. २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले, तशी केंद्रे सगळीकडे झाली आणि यंत्रानेच निकाल दिला, तर हा प्रश्न उरणार नाही. जुन्या गाडीत भावनेपोटी पैसे घालत राहण्यापेक्षा ती रीतसर मोडीत काढणेही विचारात घ्यावे.

निवृत्त निरीक्षक

यंत्रे यायलाच हवीत. तिथे चाके फिरत्या रोलरवर ठेवतात, त्यावर प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो आणि डाव्या-उजव्यात किती फरक आहे हे आकड्यात कळते, ते माझ्या पायाला कधीच कळले नसते. (जिप्सी रोलरवर नेताना गाडी टू-व्हीलमध्येच आहे याची खात्री करावी, फोर-व्हीलमध्ये राहिली तर जमिनीवरची दोन चाके तिला रोलरबाहेर ढकलतात.) परंतु कुजलेली चेसिस शोधणारे यंत्र या केंद्रांतही नाही. गाडीच्या पोटाखालचा भाग तिथेही माणसालाच पाहावा लागतो.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात एक जुनी लँड रोव्हर बाळगून आहे. तिथे ही तपासणी १९६० पासून आहे आणि गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करावी लागते. गंजाबद्दल त्यांचा नियम मला फार पटतो. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे जिथे धरलेले आहेत, तिथून ३० सेंटिमीटरच्या आत लोखंड लक्षणीय कमजोर झाले असेल तर गाडी नापास होते. दाराच्या पत्र्याला भोक पडले तर चालते, शॅकलपाशी चालत नाही. मात्र तिथल्या तपासनिसालाही काही उघडून पाहण्याची मुभा नाही. जे झाकले आहे ते तिथेही झाकलेलेच राहते आणि ते उघडणे शेवटी मालकाकडेच येते.

गाडी मोडीत काढावी की नाही हे ताईंनी ठरवावे. एकाच जागी कूज असेल तर चेसिस वाचते, चार जागी असेल तर वाचत नाही.

रॅम्पवाले काका

ताई, मी चेसिसची कामे करतो. आधी सगळे कोटिंग खरवडून काढायला सांगा, दोन्ही बाजूंचे, पुढचे आणि मागचे. त्याशिवाय किती काम आहे हे कोणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. कुजलेल्या पत्र्यावर नुसती पट्टी चिकटवू देऊ नका. गंज कापून चांगले लोखंड लागेपर्यंत मागे जायचे, मूळ जाडीचाच पत्रा बसवायचा आणि वरच्या पट्टीची टोके तिरकी कापायची. टोक सरळ आडवे ठेवले तर वेल्डिंगच्या त्याच रेषेवर पुढे तडा जातो. बॅटरीची वायर काढून ठेवावी आणि पेट्रोलची टाकी उतरवावी, नुसते ओले पोते टाकून भागवू देऊ नये. काम झाल्यावर चेसिसच्या पोकळ पट्टीच्या आत मेणाचा फवारा मारून घ्या आणि पाणी निथळण्याची मूळ भोके बुजवू नका. चेसिस क्रमांक कोरलेल्या जागेच्या आसपास ग्राइंडर अजिबात फिरू देऊ नका, नाहीतर २०२८ च्या पासिंगला भलताच त्रास होईल.

प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा. वेल्डिंगवर रंग बसला की मलाही माझे काम ओळखता येत नाही.

जिप्सीवाली (मुंबई)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल कोटिंग खरवडून घेतले. मागच्या उजव्या बाजूचे लोखंड टणक आहे, पुढच्या दोन्ही बाजूही शाबूत आहेत. डावीकडे शॅकलपासून पुढे साधारण वीतभर भाग कापावा लागेल आणि मागची आडवी पट्टी पूर्ण बदलावी लागेल. टाकी उतरवण्याचे मी मिस्त्रींना सांगितले, तेव्हा त्यांनी ती आधीच उतरवून ठेवलेली दाखवली. ब्रेक ऑइल काढले ते कोऱ्या चहासारखे काळपट निघाले. शेवटचे कधी बदलले होते हे बाबांच्या वहीत पाहिले. नोंद २०१७ ची आहे, म्हणजे २०२३ च्या पासिंगला ब्रेक लावला तो याच ऑइलवर.

जुलैचा बेत सोडला आहे. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली की रतनवाडी कुठे पळून जात नाही. निरीक्षक साहेब, एक विचारायचे राहिले. चेसिसच्या या दुरुस्तीची परिवहन कार्यालयाला लेखी माहिती द्यावी लागते का?

निवृत्त निरीक्षक

चेसिस तीच आहे, क्रमांक शाबूत आहे आणि गाडीची मापे बदललेली नाहीत, म्हणजे ही दुरुस्ती आहे, फेरबदल नव्हे. अख्खी चेसिस बदलली असती तर कार्यालयाची मंजुरी लागली असती. बिल आणि फोटो जपून ठेवा आणि २०२८ मध्ये निरीक्षकाने विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून त्याच्यापुढे ठेवा. तोवर दर वर्षी पाऊस संपला की ऑक्टोबरात गाडी एकदा रॅम्पवर घ्या आणि तीच हातोडी फिरवून घ्या.