मदत हवी आहे: डोमेन नावांच्या खरेदी-विक्रीत ₹३०,००० लावायचे आहेत, सुरुवात कशी करावी?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. चाळीसगावहून विचारतोय. डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेऊन पुढे विकायचं काम शिकायचं आहे. वेबसाइट बनवता येते, नेमसर्व्हर (पत्ता कोणत्या साइटकडे न्यायचा ते ठरवणारी सोय) वगैरे कळतं, पण विक्रीची बाजू अजिबात माहीत नाही. वॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं, असे आकडे वाचून कोणाला काही कळत नाही, म्हणून इथे विचारतो.

डोक्यात असं आहे: पहिल्या वर्षाच्या ऑफरमध्ये साधारण ₹८०० ला एक या दराने २५ डॉट कॉम घ्यायची. सगळी आपल्या भागातली, म्हणजे तालुक्यांची नावं आणि त्यांना जोडून केळी, सोनं, मिरची, डाळ, चटई. मग विक्रीला लावून ठेवायची. हे बरोबर आहे का? डॉट इन घ्यावं की डॉट कॉम? देवनागरीतलं डॉट भारत घ्यावं का? कायद्याची अडचण कुठे येते? आणि गिऱ्हाईक आलंच तर नाव त्याच्या ताब्यात द्यायचं कसं?

तापीकाठ

भाऊ, आधी दुसऱ्या वर्षाचा हिशोब मांडा. ₹८०० हा पहिल्या वर्षाचा भाव आहे. डॉट कॉम चालवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये रजिस्ट्रारकडून, म्हणजे आपल्याला नाव विकणाऱ्या कंपनीकडून, नावामागे घ्यायचा वर्षाचा दर १०.२६ डॉलर केला. त्यामुळे ₹१९९ किंवा ₹४९९ ची ऑफर दिसली की रजिस्ट्रार तो पैसा रिन्यूअलमध्ये काढणार हे धरूनच चाला. नाव घेण्याआधी पहिल्या वर्षाचा नव्हे, रिन्यूअलचा दर वाचा. तो ₹१,३०० धरला तर २५ नावांचे ₹३२,५०० आणि १८ टक्के जीएसटी धरून ₹३८,३५०. दुसऱ्या वर्षीच तुमचं भांडवल संपलं.

आता विक्री. या कामातला रूढ अंदाज असा की बऱ्या निवडलेल्या १०० नावांतून वर्षाला एक-दोन विकली जातात. म्हणजे २५ नावांत दोन ते चार वर्षांत एक. सुरुवातीचे ₹२०,००० धरून दोन वर्षांत ₹५८,३५० आणि चार वर्षांत ₹१,३५,०५० खर्च होतो. तालुक्याच्या नावाचं डोमेन तेवढ्याला कोण घेईल?

माझा सल्ला: ६ नावं घ्या. सरासरी ₹१,२०० धरले तर वर्षाला ₹७,२००, म्हणजे ₹३०,००० मध्ये चार वर्षं तग धरता येईल. आणि प्रत्येक नाव घेण्याआधी कागदावर १० खरे खरेदीदार लिहा, फर्मच्या नावासकट. १० भरले नाहीत तर ते नाव सोडा. ही एकच सवय लागली तरी बरेच पैसे वाचतात.

नुसत्या गावाच्या नावाला खरेदीदार सापडत नाहीत. माल किंवा सेवा अधिक शहर याला सापडतात, पण तेही त्या शहरापुरतेच. जळगावात डाळ गिरण्या, चटई आणि पीव्हीसी पाइपवाले भरपूर आहेत, सावदा-रावेर-फैजपूर पट्ट्यात केळीचे व्यापारी, पॅकहाउस आणि रायपनिंग चेंबरवाले (केळी पिकवायच्या खोल्या चालवणारे), नंदुरबार-दोंडाईचाला मिरची. यातल्या ३० जणांना चालेल असं दोन शब्दांचं नाव एका दुकानाला चालणाऱ्या नावापेक्षा कधीही बरं. गाव काढून नुसता माल आणि व्यवहार सांगणारं नाव मिळालं तर सांगली-लातूरचा माणूसही गिऱ्हाईक होतो.

डॉट इन की डॉट कॉम? फक्त देशात विकणाऱ्यासाठी डॉट इन पुरतं आणि चांगले शब्द अजून मोकळे मिळतात. निर्यातदाराला डॉट कॉम लागतं. बाकीच्या नव्या एक्स्टेन्शनांच्या (‘डॉट’नंतरच्या शेवटांच्या) वाटेला सध्या जाऊ नका; त्यातल्या काहींत ‘प्रीमियम’ नावाचं रिन्यूअल दर वर्षी कित्येक हजारांत असतं आणि ते खरेदीच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

भुसावळ_जंक्शन

एक गोष्ट सगळे विसरतात: रोमन स्पेलिंग. आपल्या भागातल्या नावांना हा रोग जास्त आहे. भुसावळ घ्या. रेल्वेच्या पाटीवर ‘व्ही’, नगरपालिकेच्या कागदावर ‘डब्ल्यू’. धुळ्याचं जुनं इंग्रजी नाव ‘धुलिया’ अजून काही कागदांवर आहे. जळगावच्या शेवटी ‘ए-ओ-एन’ सर्वमान्य आहे, पण लहान गावांच्या ‘गाव’ला कोणी ‘जी-ए-व्ही’ करतो, कोणी ‘जी-ए-ओ-एन’. ‘ळ’ तर रोमनमध्ये नाहीच, तो ‘एल’ होतो, म्हणून ‘केळी’ आणि ‘केली’ एकच दिसतात. ‘केली’ हे तर इंग्रजीतलं माणसाचं नाव, शोधणारा भलतीकडे जातो.

कसोटी सोपी. नाव फोनवर एकदाच सांगा आणि समोरच्याला इंग्रजीत लिहायला लावा. वेगवेगळ्या पाच जणांपैकी चार जणांनी सारखं लिहिलं तर घ्या. ‘व्ही की डब्ल्यू’ असं विचारावं लागलं तर सोडा, कारण गिऱ्हाइकाला दोन्ही स्पेलिंगं घ्यावी लागणार आणि तो तुमच्या भावातून तेवढं कापणार. मधली रेघ आणि आकडे असलेली नावं याच कारणाने पडून राहतात.

डॉट भारतबद्दल. देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, मराठी त्यात पहिल्यापासून आहे. मला ते मनापासून आवडतं. दुकानाच्या पाटीवरचं नाव जसंच्या तसं पत्त्यात येतं, ‘ळ’सकट. पण विक्रीसाठी आत्ता घेऊ नका. आत ते ‘एक्स-एन’ आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात साठवलं जातं. काही ॲप आणि ईमेल सेवा ते रूपच दाखवतात, मग पाहणाऱ्याला तो फसवा पत्ता वाटतो. देवनागरी ईमेल पत्ता अजून अनेक फॉर्ममध्ये चालत नाही. स्वतःच्या संस्थेसाठी जरूर घ्या, रोमन नावाच्या जोडीला.

पांझरा_किनारी

गिरणाकाठ दादा, कायद्याचं मी सांगते, कारण नवीन माणूस इथेच अडकतो.

डॉट कॉमच्या वादाला यूडीआरपी नावाची पद्धत १९९९ पासून लागू आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे, तुमचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं व वापरलं. तिन्ही ठरल्या तर नाव जातं, भरपाई काही मिळत नाही. डॉट इनसाठी ते चालवणाऱ्या निक्सी या संस्थेची आयएनडीआरपी ही वेगळी पद्धत आहे. न्यायालयातली वाट निराळीच. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं असं ठरवलं.

आता नेमका धोका. एखाद्या कंपनीच्या ट्रेडमार्कचं नाव घेऊन तिलाच ‘एवढ्याला विकत घ्या’ असं लिहिलं, की ते पत्रच वाईट हेतूचा पुरावा होतं. म्हणून आपल्या भागातल्या कोणत्याही मोठ्या ब्रँडचं नाव, त्याला ‘जळगाव’ किंवा ‘शॉप’ जोडून किंवा एक अक्षर बदलून, घेऊच नका. एक अक्षर बदलणं तर आणखी वाईट, कारण हेतू आपोआप दिसतो.

तपासायचं असं: आयपी इंडियाच्या (सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटच्या) सार्वजनिक ट्रेडमार्क शोधात आधी शब्द जसाच्या तसा शोधा, मग ‘फोनेटिक’, म्हणजे उच्चारावरून, निवडून पुन्हा शोधा. त्यात मालाचा किंवा सेवेचा वर्ग भरावा लागतो. केळी-भाजीला ३१, पिठाला ३०, दुकानदारी आणि व्यापाराला ३५. डॉट कॉम असेल तर अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाचा शोधही बघा.

केळीबद्दल वेगळं सांगते. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. नाव धरून ठेवणं ही एक गोष्ट, पण त्या साइटवर दुसरीकडचा माल विकला तर मानांकनाचा प्रश्न उभा राहतो. जाणता खरेदीदार हे विचारणारच. त्यापेक्षा मानांकन नसलेल्या, साध्या मालवाचक शब्दांत राहा.

गिरणाकाठ

पांझरा ताई, मग गिऱ्हाइकाला आपण होऊन लिहायचंच नाही का? तापीकाठ दादा तर १० खरेदीदार लिहून ठेवा म्हणतात. आणि मुदत संपलेली जुनी नावं घेणं बरं का?

पांझरा_किनारी

लिहायचं, पण नाव साध्या शब्दांचं असेल तरच. ‘डाळ’ आणि ‘निर्यात’ यांवर कोणा एकाची मालकी नाही, म्हणून १० डाळ गिरण्यांना लिहिण्यात गैर काही नाही. पत्र चार ओळींचं ठेवा: नाव काय, ते विक्रीला आहे, किंमत किती, आणि ‘नको असल्यास कळवा, पुन्हा लिहिणार नाही’. ‘तुमच्या स्पर्धकाला देईन’ ही ओळ चुकूनही नको, धमकीसारखी वाचली जाते. एकाला एकदाच, फार तर आठवड्याने एक आठवण. एकाच दिवशी शंभर पत्रं सोडलीत तर ईमेल खातं स्पॅममध्ये जातं.

तापीकाठ

जुन्या नावांचं चक्र समजून घ्या. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारच्या नियमाप्रमाणे ० ते ४५ दिवसांची सवलत असते, तेवढ्यात मालक नेहमीच्या दराने नूतनीकरण करू शकतो. बरेच रजिस्ट्रार याच काळात नाव लिलावाला लावतात, म्हणून चांगली नावं बहुतेक वेळा मोकळी होतच नाहीत. नंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ. मालकाला परत मिळतं, पण नेहमीच्या रिन्यूअलच्या कित्येक पट दंड भरून. मग ५ दिवस ‘पेंडिंग डिलीट’, त्यात कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव सुटतं. सुटलेलं चांगलं नाव ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्ससारख्या सेवा क्षणात पकडतात. हाताने टाइप करून ते मिळायचं नाही. त्यांच्याकडे आधी मागणी नोंदवावी लागते, एकाहून जास्त मागण्या आल्या तर लिलाव. लिलावात आपला कमाल आकडा आधी ठरवा आणि तिथेच थांबा.

जुन्या नावाचा इतिहास बघितल्याशिवाय बोली लावू नका. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात वर्षावर्षाची पानं उघडा. मधेच जुगार, औषधं किंवा परक्या लिपीतलं पान दिसलं तर ते नाव स्पॅमसाठी वापरलेलं आहे. स्पॅमहॉसच्या (स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत आहे का ते पाहा, नाहीतर खरेदीदाराचे ईमेल पोचणार नाहीत आणि तो तुमच्या नावाने ओरडेल. नोंदणीची तारीख आणि स्थिती आयकॅनच्या (डोमेन व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या) लुकअपवर दिसते. जानेवारी २०२५ पासून नोंदणीची माहिती बघायच्या हूइज या जुन्या पद्धतीची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे, त्यामुळे जुन्या लेखांतल्या सूचना जशाच्या तशा लागू होत नाहीत.

भावासाठी नेमबायो या विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर झालेल्या विक्री बघा, मागितलेल्या किमती नव्हे. आपोआप किंमत सांगणारी साधनं आपल्या तालुक्यांच्या नावांना काहीही आकडा देतात. स्थानिक दोन शब्दी नावाला ₹८,००० ते ₹२५,००० मागणं मला रास्त वाटतं.

सातपुडा_पायथा

विक्रीचं आणि ताब्याचं माझ्याकडून.

नाव घेतल्या घेतल्या पडताळणीचा ईमेल येतो. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर नाव बंद पडतं. गिऱ्हाईक नेमकं तेव्हा पत्ता उघडून बघतं. मग नेमसर्व्हर विक्री-पानाकडे वळवा. सेडो, आफ्टरनिक अशा बाजारांत नोंदवलं तर जगभर दिसतं, पण विक्रीवर कमिशन कापतात, ते किमतीत आधीच धरा. स्थानिक नावाला मराठीतलं एक साधं पान आणि व्हॉट्सॲप क्रमांक जास्त कामाचा. किंमत लिहा. ‘संपर्क साधा’ एवढंच लिहिलं तर आपल्याकडचा व्यापारी फोन करत नाही. डॉट इनला मालकाचं नाव लपवण्याची सेवा लावता येत नाही, तेव्हा नोंदणीचे तपशील खरे द्या आणि संपर्कासाठी वेगळा ईमेल ठेवा.

ताबा देण्याच्या दोन वाटा. खरेदीदाराचं खातं त्याच रजिस्ट्रारकडे असेल तर ‘पुश’. नाव एका खात्यातून दुसऱ्यात जातं, बहुतेक ठिकाणी काही मिनिटांत आणि फुकट. रजिस्ट्रार वेगळा असेल तर ट्रान्स्फर: खात्यातून नावावरचं लॉक काढा, ऑथ कोड (नाव हलवायचा गुप्त कोड) घ्या, तो खरेदीदाराला द्या, पुढे ५ दिवसांपर्यंत लागतात. नवीन नोंदणी किंवा ट्रान्स्फरनंतर ६० दिवस साधारणपणे दुसरीकडे नेता येत नाही. मालकाचं नाव बदललं तरी काही रजिस्ट्रार तसंच ६० दिवसांचं लॉक लावतात, म्हणून ट्रान्स्फर आधी आणि तपशील नंतर.

ऑथ कोड म्हणजे घराची किल्ली. पैसे खात्यात दिसल्याशिवाय कोणालाच पाठवू नका, स्क्रीनशॉट पाहून तर नाहीच. परदेशी खरेदीदार असेल तर एस्क्रो डॉट कॉमसारखी, व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे मधे धरून ठेवणारी सेवा वापरा, आणि ‘पैसे आले’ असा ईमेल आला तरी त्यातल्या दुव्यावर न जाता स्वतः साइट उघडून बघा.

फसवणुकीचे दोन ठरलेले प्रकार. एक: मोठी रक्कम देऊ करणारा ‘खरेदीदार’ सांगतो की अमुकच साइटवरून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा. ती साइट त्याचीच असते, फी भरली की तो गायब. दोन: दुसऱ्याच कंपनीकडून रिन्यूअलचं बिल येतं. बिल फक्त आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगइन करून भरायचं. खात्याला दोन-टप्पी पडताळणी आजच लावा.

मिळालेला पैसा धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो. नोंदणी आणि रिन्यूअलची सगळी बिलं जपून ठेवा, खर्च म्हणून धरता येतात.

दखीसन पैसा लावजो भाऊ.

गिरणाकाठ

फार उपयोग झाला. २५ चा बेत रद्द, डाळ आणि चटईतली दोन नावं आधी तपासतो. एकच शेवटचं: धुळ्याचा व्यापारी समजा ₹१८,००० ला तयार झाला पण म्हणाला हप्त्याने देतो, तर?

सातपुडा_पायथा

चालतं. ₹६,००० चे तीन हप्ते करा. नाव तुमच्याच खात्यात राहील. पहिला हप्ता आला की फक्त नेमसर्व्हर त्याच्या होस्टिंगकडे वळवायचे, म्हणजे त्याची साइट लगेच सुरू होते. करार लेखी करा, त्यात तीन गोष्टी हव्यात: हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकला तर किती दिवसांनी नेमसर्व्हर परत तुमच्याकडे येणार, आणि मधे रिन्यूअल आलं तर ते कोण भरणार. रिन्यूअलची तारीख तिसऱ्या हप्त्याच्या आधी पडत असेल तर पहिल्या हप्त्यातूनच एक वर्षाचं भरून टाका. तिसरा हप्ता जमा झाल्यावर ऑथ कोड द्या किंवा पुश करा.